गाडीची पेडलं आपल्या पायाजोगी करून घेताना: आधी काय, नंतर काय

कुणाची उंची कमी असते, कुणाचा एक पाय पोलिओने गेलेला असतो, कुणाला गुडघ्याखाली कृत्रिम पाय असतो, तर कुणाचा पाय खुब्याच्या ऑपरेशननंतर पुरता वाकत नाही. कारणं वेगवेगळी असली तरी गाडी चालवायची ठरली की बहुतेक जण एकाच पद्धतीने चुकतात. आधी गाडी बुक होते. मग ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पेडलवर ठोकळा चढवून घेतला जातो. ठोकळा कमी पडला की पाठीमागे उशी येते. डॉक्टर, आरटीओ आणि विमा कंपनी आठवतात ते सगळं झाल्यावर.

क्रम याच्या उलट हवा: शरीर, मग सीट, मग माप, मग पद्धत, मग कागद आणि शेवटी पाना. हा क्रम पाळला तर बऱ्याच लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी बदल लागतो आणि काहींना पेडलला हातही लावावा लागत नाही. खाली लिहिलंय ते खासगी चारचाकीबद्दल आहे. आपल्याकडच्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत डावीकडून क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर अशी रचना असते, ती धरूनच डावं-उजवं म्हटलं आहे.

१. अडचण नेमकी कोणती, ते आधी ठरवा

‘पाय नीट चालत नाही’ एवढ्यावर कुठलाही बदल ठरवता येत नाही. चार अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पाय पोहोचत नाही, पण ताकद आणि ताबा ठीक आहे: इथे पेडल एक्स्टेन्शन, म्हणजे पेडल चालकाकडे पुढे आणणारा जोड, कामाचा.

पाय पोहोचतो, पण जोर कमी पडतो: इथे एक्स्टेन्शनचा उपयोग नाही. हलक्या पेडलाची किंवा बिनक्लचची गाडी बघावी लागते. ब्रेक बूस्टरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराला इंजिनाची मदत जोडणाऱ्या भागात, फेरफार करून ‘ब्रेक हलका करून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच परत आणा.

एका पायावर ताबा नाही: डावा पाय असेल तर ऑटोमॅटिक गाडी घेतली की प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो, कारण त्या गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. तरीही लोक क्लचला जोड लावत बसतात, ते टाळा. उजवा पाय असेल तर ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो. दोन्ही पाय असतील तर हाताने चालवायचे कंट्रोल.

पायाला स्पर्श कळत नाही: मधुमेहात नसांवर परिणाम झाला की तळव्याला पेडल लागलंय का, किती दाबलंय, हे समजेनासं होतं. पेडल कितीही जवळ आणलं तरी ही अडचण जात नाही. अशा वेळी पायाचा विचार सोडून हाताच्या कंट्रोलकडे वळणंच बरं.

हे ठरवण्याचं काम गॅरेजवाल्याचं नाही. पुनर्वसन विभागातले डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडून तपासून घ्या. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था नेमकी याच विषयाची आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हे विभाग असतात. नुसतं ‘गाडी चालवण्यास हरकत नाही’ एवढं लिहून घेऊन परत येऊ नका. हे प्रश्न विचारा: कोणता पाय वापरायचा? त्या पायाचा जोर दहा मिनिटांनंतरही तेवढाच राहतो का? ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय पटकन येतो का? पायाला अचानक झटके येतात का? आजार वाढत जाणारा आहे का?

*सावधान:* आजार वाढणारा असेल तर आजच्या मापाचा जोड वर्षभराने चुकीचा ठरू शकतो. अशा वेळी कमी-जास्त करता येणारं फिटिंगच घ्या आणि फेरतपासणीची तारीख डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घ्या.

२. सीट लावून घ्या, माप त्यानंतर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. सोबत एक माणूस, मोजपट्टी आणि खडू घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ‘पी’वर ठेवा. गाडी चालवताना जे बूट घालणार तेच पायात हवेत. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) किंवा कृत्रिम पाय वापरत असाल तर तोही लावलेला हवा. चपलेवर घेतलेलं माप बुटाला लागू पडत नाही.

सीट लावण्याचा क्रम असा:

१. कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून बसा. पुढे सरकून बसलात तर पुढची सगळी मापं खोटी.

२. सीटची उंची वाढवा. बॉनेटच्या पुढचा रस्ता मान ताणल्याशिवाय दिसला पाहिजे.

३. पाठ जवळजवळ सरळ करा.

४. स्टिअरिंग वर-खाली होत असेल आणि पुढे-मागेही होत असेल तर ते आता लावा.

५. सीट पुढे-मागे करा, पण छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे.

हे २५ सेंटिमीटर सोडू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिला फुगायला जागा मिळाली नाही तर ती वाचवण्याऐवजी छातीवर आणि मानेवर आदळते. बुटकी माणसं सीट पूर्ण पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसतात आणि ‘आता पाय पोहोचतो’ म्हणून खूश होतात. पेडल एक्स्टेन्शनचं खरं काम इथे आहे: माणूस स्टिअरिंगपासून लांब ठेवायचा आणि पेडल त्याच्याकडे आणायचं.

उशीबद्दल वेगळं सांगायला हवं. उंचीसाठी बुडाखाली काही घ्यायचंच असेल तर कडक फोमचं आणि सीटला पक्कं बांधलेलं घ्या. मऊ उशी ब्रेक मारताना दबते, माणूस पुढे घसरतो आणि कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो. पट्टा कमरेच्या हाडावरच राहायला हवा. पाठीमागची उशी तर शक्यतो टाळाच. जोरात ब्रेक दाबताना पायाचा सगळा जोर पाठीने सीटवर टेकून येतो, आणि मध्ये दबणारी उशी असली तर तो जोर उशीतच जिरतो.

सीट लागली की माप घ्या. इंजिन सुरू करा, कारण बंद इंजिनात ब्रेक पेडल थोड्या वेळात कडक होतं आणि पूर्ण खाली जात नाही. बाहेरच्या दारातून वाकून सोबतच्या माणसाने ब्रेक पेडल हाताने पूर्ण दाबून धरायचं. चालकाने त्या दिशेने पाय न्यायचा, पण गुडघा थोडा वाकलेला ठेवूनच. आता तळव्याच्या पुढच्या, अंगठ्यामागच्या फुगीर भागापासून पेडलाच्या रबरापर्यंत जे अंतर उरेल तेवढा जोड लागतो. असंच क्लचचं आणि ॲक्सिलरेटरचं स्वतंत्र माप घ्या. ॲक्सिलरेटरचं माप मात्र इंजिन बंद करून. प्रत्येक माप तीनदा घ्या. तिन्ही जुळली नाहीत तर चालक बसताना सरकतोय, तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करा.

टाच कुठे टेकते तेही याच वेळी बघा. पेडल चार इंच पुढे आलं आणि टाच हवेत लटकली, तर ॲक्सिलरेटरवर बारीक ताबा राहत नाही आणि पोटरी भरून येते. तेव्हा पायाखाली उंच पट्टी, म्हणजे खोटी फरशी लागेल. तिची उंचीही आजच मोजून ठेवा.

*तपासा:* पेडलाच्या रबरावर खडूची पूड घासा आणि नेहमीसारखा ब्रेक दहा वेळा दाबा. मग बूट काढून त्याचा तळ बघा. पांढरा ठसा पायाच्या फुगीर भागाखाली मधोमध उमटला तर पाय बरोबर पडतोय. बोटांच्या टोकाशी उमटला तर पोहोच कमी आहे. एका कडेला उमटला तर पाय तिरका पडतोय. जोडाचा वरचा पृष्ठभाग त्या बाजूला सरकवून घ्यावा लागेल. फिटिंग झाल्यावर हाच प्रयोग पुन्हा करायचा आहे, तेव्हा बुटाच्या तळाचा फोटो काढून ठेवा.

३. पद्धत निवडा

*क्लॅम्पने बसणारं एक्स्टेन्शन.* मूळ पेडलाला मागून-पुढून ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आवळून त्यावर ठोकळा किंवा लांबीला कमी-जास्त होणारा दांडा बसतो. थोड्या इंचांपुरता हाच चांगला पर्याय. जोड जसजसा लांब होतो तसतसा पेडलवर पीळ पडतो आणि दाबताना वरचा पृष्ठभाग जास्त कलतो. पाय घसरतो तो तेव्हाच. माझ्या मते चार इंचांच्या पुढे नुसता क्लॅम्प वापरू नये. तिथे फरशीवर टेकलेल्या प्लेटवर स्वतंत्र पेडलं असतात आणि ती दांड्याने मूळ पेडलांना जोडलेली असतात, तशा संचाकडे वळावं. महाग असतो, पण पाय जो जोर लावतो तो सरळ रेषेत जातो.

लाकडी ठोकळा, पीव्हीसी पाइप, चिकटपट्टीने बांधलेलं काहीही नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि पट्टी ढिली पडते. वेल्डिंगही नको. उष्णतेने पेडलाच्या पोलादाचा गुण बदलतो आणि सांध्यात पडलेली बारीक भेग रबराखाली दिसत नाही. मूळ पेडलाला भोक पाडण्यालाही माझा ठाम विरोध आहे.

ॲक्सिलरेटरची गोष्ट निराळी. आजच्या बहुतेक गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या मुळाशी सेन्सर असतात. तारेने ओढायचा जमाना मागे पडला. ब्रेकचा क्लॅम्प त्यावर तसाच आवळला तर प्लॅस्टिक तडकतं. त्यासाठी रुंद, रबर लावलेला, हलका क्लॅम्प हवा. वजन तर कमीत कमी हवं, कारण ॲक्सिलरेटरला परत आणणारी स्प्रिंग तेवढ्याच मूळ पेडलासाठी बनवलेली असते.

*डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर.* फक्त ऑटोमॅटिक गाडीत. ब्रेकच्या डावीकडे, जिथे एरवी पाय ठेवायची जागा असते, तिथे नवं पेडल येतं आणि मागच्या दांड्याने मूळ ॲक्सिलरेटर दाबतं. घेताना तीन गोष्टी बघा. मूळ ॲक्सिलरेटरवर झाकण हवं, नाहीतर निर्जीव उजवा पाय त्यावर घरंगळतो. दुसरा कुणी गाडी चालवणार असेल तर डावं पेडल चटकन काढता किंवा दुमडता आलं पाहिजे. एका वेळी एकच ॲक्सिलरेटर चालू. आणि मधल्या कन्सोलला बूट घासता कामा नये. छोट्या गाड्यांत ही जागा फारच चिंचोळी असते, म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी शोरूममधल्या गाडीत डावा पाय ठेवून बघा. घाटात किंवा उड्डाणपुलावर जाणं असेल तर चढावर गाडी धरून ठेवणारी सोय असलेलं मॉडेल घ्या.

*हाताचे कंट्रोल* हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पेडलांपुरतं एकच लक्षात ठेवा: पायाला झटके येत असतील तर पेडलांपुढे आडवी जाळी किंवा प्लेट हवीच. हाताने ब्रेक लावत असताना झटक्याने पाय ॲक्सिलरेटरवर पडला तर हात कमी पडतो.

४. पाना हातात घेण्याआधी कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्याला मनाई करतं. मात्र शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी गाडी ‘ॲडॅप्टेड व्हेइकल’मध्ये बदलून घेण्याची वाट २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच ठेवली आहे. त्यासाठी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. क्रम असा ठेवा:

१. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) असल्यास त्याची प्रत आणि ज्या फिटिंगचा विचार आहे त्याचं माहितीपत्रक घेऊन आरटीओत मोटार वाहन निरीक्षकांना भेटा. संचाला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता असेल तर तो कागद जोडा. मान्यता असलेला संच थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा असं मी सांगेन. पासिंगच्या वेळी प्रश्न कमी येतात आणि ब्रेकच्या बाबतीत मान्यता हा नुसता शिक्का नसतो.

२. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या.

३. नवी गाडी घेत असाल तर २०२३ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेला बदल उपयोगाचा आहे. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी घेऊन तिच्यात बदल करून घ्यायचा आणि मग कायम नोंदणी करायची, अशी सोय त्यात आहे. डीलरला हे बुकिंगच्या वेळीच सांगा, पूर्ण नोंदणी झाल्यावर नाही.

४. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्या.

५. मग विमा कंपनीला लेखी कळवा. आरसीवर नोंद असलेल्या अशा गाड्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट देण्याचं आयएमटी-१२ नावाचं कलम आहे. एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही. सूट मिळो न मिळो, न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो.

लायसन्सचं काम वेगळं. वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना १-ए मध्ये लागतं. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनंतरच पक्क्या लायसन्सची ट्रायल देता येते. ट्रायल बदल केलेल्या गाडीतच द्यायची असते, त्यामुळे गाडी, फिटिंग आणि सराव यांच्या तारखा आधीच जुळवून ठेवा. पूर्वीचं लायसन्स असेल आणि अपंगत्व नंतर आलं असेल, तरी जुन्या लायसन्सच्या भरवशावर राहू नका. नव्या तपासणीसह त्यावर नोंद करून घ्या.

*सावधान:* फक्त उंची कमी आहे, बाकी काही नाही, म्हणून दोन इंचांचा जोड लावायचा असेल तरीही निरीक्षकांना विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. ‘एवढ्याशाला कोण बघतंय’ हे अपघातानंतर चालत नाही.

५. फिटिंगचा क्रम

काम स्वतः करू नका, पण शेजारी उभे राहा आणि चालकाला गाडीत बसवूनच करून घ्या. चालक घरी आणि गाडी गॅरेजमध्ये, असं झालेलं फिटिंग बहुतेक वेळा दुसऱ्यांदा करावं लागतं.

१. फूटमॅट काढा. पेडलांचे बाजूने फोटो घ्या आणि प्रत्येक पेडलाची फरशीपासूनची मूळ उंची लिहून ठेवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या उंचीत किती फरक आहे तेही लिहा. हा आकडा पुढे लागणार आहे.

२. पेडलांची रबरं साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. डॅशबोर्ड पुसायच्या पॉलिशचा थेंबही इथे नको.

३. पहिल्यांदा ब्रेक. सगळ्यात जास्त जोर त्यावर येतो आणि बाकीची मापं त्याच्यावरून ठरतात. क्लॅम्प मूळ पेडलाच्या मधोमध बसवा. वर किंवा खाली सरकला तर पेडलाचा हलका-जडपणा बदलतो.

४. मग क्लच, गाडीला असेल तर.

५. सगळ्यात शेवटी ॲक्सिलरेटर. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातला मूळ फरक तसाच राखा; ब्रेक चालकाकडे थोडा पुढे असतो. दोन्ही एका पातळीत आणले तर घाईत एकाच बुटाखाली दोन्ही सापडतात. ॲक्सिलरेटर ब्रेकच्या पुढे आला तर त्याहून वाईट: ब्रेकवर जाणारा पाय आधी त्यावरच आपटतो.

६. आडवी जागा बघा. बूट ब्रेकच्या मधोमध ठेवून डावी-उजवीकडे थोडा सरकवला तरी शेजारच्या पेडलाला लागू नये. कॅलिपर घातलेला बूट रुंद असतो. जागा त्यानेच मोजा.

७. आता खोटी फरशी. ती मूळ फरशीला बोल्टने किंवा क्लॅम्पने पक्की हवी, नुसती ठेवलेली चालत नाही. वर चेकर्ड प्लेट किंवा खरखरीत रबर. प्रत्येक पेडल पूर्ण दाबून बघा: कुठलंही पेडल फरशीवर टेकून अडत असेल तर फरशी कापावी लागेल.

८. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे नट वापरा. एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की ब्रेक पेडल थडथडतं आणि साधे नट त्याने हळूहळू सुटतात. बोल्टची टोकं नडगीच्या बाजूला बाहेर आलेली नकोत. शेवटी प्रत्येक नट आणि त्याखालची पट्टी यांच्यावरून रंगाची एक सलग रेघ ओढून घ्या. नट किंचितही फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता, वाकून बघितलं तरी कळतं.

फूटमॅट परत घालायची असेल तर पेडलांपासून पूर्ण लांब राहील अशी कापून, हुकाला अडकवून. जाड थ्रीडी मॅट अशा गाडीत नकोच.

६. गाडी जागेवर असताना तपासणी

यातली एक जरी चाचणी फसली तरी गाडी गेटबाहेर काढू नका.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदम सोडा. टप्पकन मूळ जागी यायला हवा. रेंगाळला तर जोड जड आहे किंवा कुठे तरी घासतोय. इंजिन बंद ठेवूनच हे वीसेक वेळा करा, पाय तिरका ठेवूनही.

एकाला मागे उभं करून ब्रेकचे दिवे बघा. पाय नसताना दिवे लागलेले राहिले तर जोडाच्या वजनाने पेडल खाली ओढलं जातंय. असं पेडल ब्रेक घासत ठेवतं, चाकं तापतात, आणि मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळत नाही.

इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली साठलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. आता चालकाने पूर्ण जोर लावायचा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर असंच पेडल मिळणार आहे. जोर लावताना कंबर सरकते का, टाच घसरते का, जोड पिळतो का, हे बाजूने बघा. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा; पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे.

ठोकळ्याच्या कडेवर मुद्दाम तिरका जोर द्या. घाबरून मारलेला ब्रेक मधोमध बसत नाही. क्लॅम्प जरासा जरी फिरला तरी काम पुन्हा.

बुटाचा तळ ओला करून सगळं परत एकदा. मग खडूचा प्रयोग करा आणि जुन्या फोटोशी ताडून बघा.

७. मोकळ्या जागेत सराव

जागा म्हणजे खरोखर मोकळं मैदान. सोसायटीचं पार्किंग नाही, तिथे मुलं आणि खांब असतात. लर्निंग लायसन्स असेल तर शेजारी पक्क्या लायसन्सवाला शिकवणारा हवा. हँडब्रेक त्याच्या हाताशी असतो, म्हणून तो कसा ओढायचा ते आधी ठरवून घ्या.

आधी इंजिन बंद ठेवून, समोर बघत, ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय न्यायचा सराव. खाली न बघता पन्नास वेळा बरोबर पडला की इंजिन सुरू करा. मग १० किलोमीटरच्या वेगाने चालवून थांबणं, मग २०, मग ४० वरून जोरात ब्रेक. प्रत्येक वेग हातात बसल्यावरच पुढचा.

डाव्या पायाच्या ॲक्सिलरेटरला इथे जास्त दिवस द्या. जो माणूस अपघाताआधी क्लचची गाडी चालवत होता, त्याचा डावा पाय घाबरल्यावर क्लच शोधत जोरात खाली जातो. आता तिथे ॲक्सिलरेटर आहे. ही सवय समजावून सांगून जात नाही, सरावानेच जाते. म्हणून शिकवणाऱ्याने अचानक ‘थांब’ म्हणायचं आणि पाय कुठे जातो ते बघायचं. हे सुरुवातीपासून रोज. पाय एकदा जरी चुकीच्या पेडलवर गेला तर त्या दिवशी रस्त्यावर जायचं नाही. नव्याने शिकणाऱ्याला हा त्रास कमी होतो, कारण त्याच्या पायाला जुनी सवय नसते.

*तपासा:* अर्धा तास चालवल्यावर पोटरीत, खुब्यात किंवा कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीत, दुखतंय का? दुखत असेल तर टाचेची उंची किंवा पेडलाचा कोन चुकलाय. ‘सवय होईल’ म्हणून पुढे ढकलू नका. दुखणारा पाय ब्रेकवर उशिरा पोहोचतो.

८. रोजच्या वापरात

पहिला महिनाभर दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा, नटांवरच्या रेघा बघा. पावसाळ्यात चिखलाचे बूट घेऊन गाडीत बसावं लागतं. पेडलाजवळ एक कोरडं फडकं ठेवा आणि गाडी सुरू करण्याआधी तळवे पुसा. ठोकळ्यावरचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला. बाजारात मिळणारी चकचकीत ‘स्पोर्ट्‌स’ पेडल कव्हरं त्यावर चढवू नका.

बूट बदलले तर माप बदलतं. नवा कॅलिपर, नवा कृत्रिम पाय, जाड तळव्याचे बूट, वजनात बराच फरक, यांपैकी काहीही झालं की दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा.

गाडी दुसऱ्याच्या हातात जाते तेव्हा जपा. सर्व्हिस सेंटर, हॉटेलचा व्हॅले, घरातलं दुसरं माणूस: त्यांच्या दृष्टीने ही पेडलं अनोळखी आहेत. पूर्ण उंचीच्या माणसाला जोड लावलेल्या ब्रेकवर पाय मांडायलाच जागा पुरत नाही, आणि डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर तर त्याला ठाऊकच नसतो. किल्ली देण्याआधी काढता येणारं फिटिंग काढा किंवा दुमडा. काढता येत नसेल तर स्टिअरिंगवर ठळक अक्षरांत पाटी अडकवा आणि तोंडानेही सांगा. परत मिळाल्यावर स्वतः बसून सहाव्या टप्प्यातली ॲक्सिलरेटरची आणि दिव्यांची चाचणी करा. सर्व्हिसला फिटिंग काढून परत लावलं असेल तर रेघाही नव्याने जुळवून घ्या.

गाडी विकायची झाली तर फिटिंग काढून मूळ पेडलांची उंची पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी पडताळा. आरसीवरची नोंद आरटीओत बदलून घ्या आणि मगच व्यवहार करा. काढलेला संच पुढच्या गाडीत जसाच्या तसा बसेल असं धरून चालू नका. पेडलांचा आकार आणि कोन प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो.